मुंबईत चालताना इमारतीची शैली कशावरून ओळखता? आपापल्या खुणा सांगा

रेवती_ग

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इमारतीतल्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन फोर्टात पायी फिरायचा बेत आहे. मुलांनी 'गॉथिक', 'आर्ट डेको' हे शब्द ऐकलेले आहेत, पण समोर इमारत आली की सगळ्या जुन्या दगडी इमारती त्यांना 'ब्रिटिशकालीन' वाटतात. त्या एका शब्दात शंभर-सव्वाशे वर्षं कोंबली जातात आणि पाहायचंच राहून जातं.

सीएसएमटीच्या चौकातलंच पाहा. एका बाजूला स्टेशन, समोर महापालिका. दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेल्या. स्टेशनचं काम १८७८ ला सुरू होऊन दहाएक वर्षांनी संपलं, पालिकेची इमारत १८९३ ची. टोकदार कमानी दोन्हीकडे आहेत. पण पालिकेच्या मनोऱ्यावरचे फुगीर घुमट इंग्लंडातल्या एखाद्या चर्चवर कल्पून पाहा, बसतच नाहीत. एकच माणूस, चौकाच्या दोन बाजू, आणि मधल्या काही वर्षांत त्याचा हात इकडच्या मातीकडे वळलेला दिसतो. मुलांना हे वळण दिसावं एवढीच माझी इच्छा आहे.

माझं मत असं की शैलीचं नाव सगळ्यात शेवटी सांगावं. आधी कमान कशी आहे, छप्पर कसं आहे, पावसाचं पाणी कुठून खाली येतं हे विचारावं. तुम्ही कसे ओळखता? कुठली खूण हमखास लागू पडते, कुठली फसवते?

---

तांबडाकंदील

माझी खूण एकच, मान वर. तळमजला दुकानांच्या पाट्यांनी, एसीच्या खोक्यांनी आणि केबलच्या जंजाळाने गिळलेला असतो. इमारत खरी सुरू होते पहिल्या मजल्यापासून.

---

नेहमीचा_विरार

सकाळच्या गर्दीत सीएसएमटीला मान वर करून उभे राहिलात तर मागचे लोक तुम्हाला न विचारता थेट पालिकेपर्यंत पोहोचवतील. ताई, मुलांना रविवारीच न्या.

---

मिस्त्रीकाका

रेवतीताई, कमानीच्या आधी दगड पाहा. माझं आयुष्य जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेलं, त्यामुळे माझा हात आधी भिंतीवर जातो.

फोर्टात मुख्यतः तीन-चार प्रकारचे दगड भेटतात. काळा-निळसर तो आपला बेसॉल्ट. मधासारखा पिवळट तो मालाडचा. कुर्ल्याच्या खाणींचा दगडही पुष्कळ ठिकाणी आहे. आणि पांढरट, मऊ, बारीक नक्षीचा असेल तर बहुधा पोरबंदरचा चुनखडी दगड. पाथरवटाने कोरीव कामाला तो का घेतला हे हात लावला की कळतं, छिन्नी त्यात सहज फिरते. पण जे सहज कोरलं जातं ते सहज झिजतंही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पोरबंदरच्या दगडातली पानंफुलं बोथट होतात आणि शेजारचा मालाडचा दगड कालच घडवल्यासारखा कडक उभा असतो. मुलांना एकाच खांबावर हे दोन्ही दाखवा. शैलीच्या आधी त्यांना कारागीर दिसेल.

दुसरी गोष्ट सांधे. जुनं काम चुन्यातलं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आत शिरलेली ओल बाहेर पडते. दुरुस्तीत कुणी वरून सिमेंट थापलं की ओल कोंडते आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. एका इमारतीवर आम्ही महिनोन् महिने आधीच्या ठेकेदाराचं सिमेंट हलक्या हाताने काढत होतो. करड्या रंगाचे जाड, फुगलेले सांधे दिसले की समजावं, इथे घाईची दुरुस्ती झाली आहे. हीसुद्धा इमारतीची एक ओळखच.

---

सांजवात

काका, तुमचे प्रतिसाद म्हणजे मेजवानी!

मला वाटतं सुरुवात सीएसएमटीपासून करूच नये. तिथे इतकं काही आहे की नवख्याचे डोळे दिपतात. सुरुवात ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहून करावी. पूर्वेला तोंड केलं की जुनं सचिवालय, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशी रांग. सगळं १८७० च्या दशकातलं. मग जागच्या जागी पाठ फिरवायची. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. मध्ये फक्त मैदान आणि साठेक वर्षं. युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं ते या दोन रांगांना आणि मरीन ड्राइव्हला मिळून, एकूण ९४ इमारती.

पूर्वेकडची रांग बांधली तेव्हा तिच्यासमोर मैदान, रूळ आणि त्यापलीकडे समुद्र होता. पश्चिमेकडच्या इमारती समुद्रात टाकलेल्या बॅकबेच्या भरावावर नंतर आल्या. ही एक गोष्ट कळली की राजाबाई टॉवर एवढा उंच का, तो कुणाला दिसावा म्हणून उभा केला, हे मुलं आपणच सांगतील.

---

खडूफळा

सांजवात, सहमत. त्याच्याही मागे एक पायरी जायला हवं. या इमारतींना जागा आणि पैसा आला कुठून? गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, १८६२ पासून, किल्ल्याचा तट पाडायला घेतला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद त्या लाटेवर वर आले. राजाबाई टॉवरला पैसा त्यांचाच, राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. १८६५ ला युद्ध संपलं, बाजार कोसळला, पण शहराला गॉथिक चेहरा द्यायचं काम सुरूच राहिलं. विद्यापीठाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने इंग्लंडात बसून केला, मुंबई त्याने कधी पाहिलीच नाही.

मिस्त्रीकाकांशी मात्र एका मुद्द्यावर वाद घालतो. दगडावरून शैली ठरत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय कुर्ल्याच्या निळसर आणि मालाडच्या पिवळ्या दगडात आहे, आणि असाच दगड आसपासच्या गॉथिक इमारतींतही आहे. पण संग्रहालय गॉथिक नाही. जॉर्ज विटेटने तिथे विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिलं, जाळ्या आणि झरोके घेतले, आत तर अठराव्या शतकातल्या वाड्याचे लाकडी खांब आणि कठडे बसवले. हे इंडो-सारासेनिक, म्हणजे इंग्रजी बांधणीत भारतीय-इस्लामी वळणांची मिसळ. याच विटेटचा गेटवे ऑफ इंडिया सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींवरून सुचलेला, १९२४ मध्ये खुला झाला. तो पिवळ्या बेसॉल्टचा दिसतो खरा, पण त्यात काँक्रीटही आहे. जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) प्रचंड घुमट जॉन बेगचा, १९१३ चा, तोही गोलघुमटाचाच वंशज.

माझी खूण म्हणून विचाराल तर इमारत आकाशाला कुठे भिडते ते पाहा. सुळके आणि उतरती छपरं असतील तर गॉथिकचा संशय घ्या. घुमट, छत्र्या असतील तर इंडो-सारासेनिक. सपाट गच्ची आणि मधोमध पायऱ्या-पायऱ्यांचा उंचवटा असेल तर डेको.

---

मिस्त्रीकाका

खडूफळा सर, दगडावरून नाव ठरत नाही हे कबूल. मी ओळख म्हणालो, नाव नव्हे. आणि तुमच्या आकाशरेषेच्या खुणेला एक अपवाद समोरच उभा आहे: स्टेशन. गॉथिक म्हणता, आणि डोक्यावर केवढा थोरला घुमट!

---

खडूफळा

काका, म्हणूनच 'संशय घ्या' असं लिहिलं. :) तो घुमट गॉथिक अंगावर चढवणं हेच स्टीव्हन्सचं धाडस. त्यावर उभी असलेली 'प्रगती' दुर्बिणीतून मुलांना जरूर दाखवा, एका हातात मशाल, दुसऱ्यात आऱ्यांचं चाक.

---

पंचगंगाकाठ

मुंबईकरांच्या गप्पांत थोडं कोल्हापूर घुसवतो. आमचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मॅंटचा, १८८४ मध्ये पूर्ण झालेला. काळ्या दगडात एका बाजूला जैन-गुजराती वळणाची नक्षी, दुसरीकडे मुघली घुमट आणि वर चक्क घड्याळाचा मनोरा. विटेटच्या कितीतरी आधी संस्थानांत हे प्रयोग चालू होते. मुंबईत इंडो-सारासेनिक उशिरा रुजली असं मला नेहमी वाटतं. संस्थानिकांना आपलं दरबारी रूप हवं होतं, मुंबईच्या कारभाऱ्यांना लंडनसारखं दिसायचं होतं. हवं ते कोण सांगतो यावर शैली ठरते.

---

अबोली_फुले

+१. शेवटचं वाक्य मुलांना प्रश्न म्हणून विचारण्यासारखं आहे: ही इमारत बांधणाऱ्याला कुणासारखं दिसायचं होतं? टाउन हॉलला विचारलं तर तो सांगेल, ग्रीकांसारखं. १८३३ ची इमारत, समोर रुंद पायऱ्या, डोरिक खांबांची रांग, वर त्रिकोणी माथा. फोर्टात कमानी न मोजता खांब मोजावेत अशी ती जागा आहे.

---

नीलमोहोर

माझा जीव आर्ट डेकोत अडकलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

डेको ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे खिडकीवरची पापणी. काँक्रीटचा पातळ छज्जा खिडकीवरून निघतो आणि कोपऱ्यावरून गोल वळून शेजारच्या भिंतीवरही जातो. दगडात हे करता येत नाही. काँक्रीट आणि सळ्या आल्या म्हणून बाल्कनी खाली आधार न घेता हवेत झेपावू लागली आणि कोपरे गोल झाले. मिस्त्रीकाकांचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं ठरतं, साहित्य बदललं आणि शैली त्यातूनच उगवली. छज्जा नुसता शोभेचा नाही, दुपारचं ऊन आणि जूनचा तिरपा पाऊस तोच अडवतो.

नंतर पाहायच्या त्या जाळ्या. जिन्याच्या खिडकीला, कुंपणाच्या फाटकाला लोखंडी पट्ट्यांचा उगवता सूर्य, लाटा, कारंजी, ताडाची झाडं. काही ठिकाणी जहाजासारखी गोल खिडकी आणि डेकवर असतात तसे आडवे कठडे. बोट हे त्या काळातलं वेगाचं, नवेपणाचं रूप होतं. आणि इमारतीचं नाव! प्रवेशद्वारावर उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं नाव हा रचनेचाच भाग असतो.

एक गोष्ट मला फार आवडते. सीएसएमटी बांधणाऱ्या स्टीव्हन्सचा मुलगा चार्ल्स, त्याने १९३३ मध्ये रीगल सिनेमा बांधला. बाप गॉथिक, मुलगा डेको. मुलांना दोन्ही दाखवलं तर एका घरातल्या दोन पिढ्यांत शहर कसं बदललं ते वेगळं सांगायला नको. रीगलनंतर पाच वर्षांनी सोहराबजी भेडवारांचं इरॉस आलं. त्याची चर्चगेटच्या कोपऱ्यावरची बांधणी पाहा, दोन पंख एका गोल, थरांनी निमुळत्या होत जाणाऱ्या मनोऱ्याशी जुळतात.

---

कोरडी_विहीर

नीलमोहोर, लिहिलंय सुंदर, पण डेको आपल्याकडे आयातच ना? पॅरिसला १९२५ मध्ये प्रदर्शन भरलं, मायामीत फॅशन आली, आपण उचलली. गॉथिक इंग्रजांनी लादली, डेको श्रीमंतांनी मागवली. मग 'आपलं' म्हणून मुलांना नक्की काय दाखवायचं?

---

नीलमोहोर

तुमचा प्रश्न योग्य आहे, पण उत्तर इमारतींवरच लिहिलेलं आहे.

गॉथिक रांगेचे आराखडे करणारे जवळपास सगळे इंग्रज. डेकोच्या काळात मात्र इथेच शिकलेले वास्तुविशारद पुढे आले. गजानन म्हात्रे यांनी तीस-चाळीसच्या दशकात मुंबईत किती काम केलं ते शोधून पाहा. 'मास्टर, साठे आणि भुता' यांची फोर्टातली न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत पाहा, १९३६ ची. तिच्या दर्शनी भिंतीवर ना. ग. पानसरे यांनी कोरलेल्या माणसांच्या भव्य, ताठ आकृत्या आहेत. त्या कष्टकरी माणसांच्या आहेत, इथल्याच. चेहऱ्यांची ठेवण, वस्त्रांच्या चुण्या पाहिल्या की यात पॅरिस कुठे संपलं ते दिसतं. मला त्या इमारतीसमोर दरवेळी अभिमान वाटतो.

१९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, तेही अबोलीताईंनी सांगितलेल्या त्या ग्रीक खांबांच्या टाउन हॉलमध्ये. नवं घर कसं असावं हे आपलीच माणसं आपल्या लोकांना दाखवत होती. आणि हे फक्त मरीन ड्राइव्हच्या श्रीमंतांपुरतं राहिलं नाही. दादर, माटुंगा, शिवाजी पार्कच्या मध्यमवर्गीय इमारतींत फिरा. तिथे जाळीत सूर्याशेजारी ॐ सापडेल.

---

मिस्त्रीकाका

कोरडी_विहीर, आराखडा इंग्रजाचा असेल, हात कुणाचे? स्टेशनवरच्या कोरीव कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा वाटा आहे. त्यातली मोर, माकडं, पानं बघा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे दगडी पट्ट जे. जे. तच शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगचे, पण विषय आहेत आपले शेतकरी आणि बाजारातली माणसं. ज्याने छिन्नी चालवली त्याचंही ते आहे.

---

गोराईखाडी

सगळे फोर्टातच का अडकलात? कला आणि शैली ओळखायची असेल तर बोरिवलीला या.

कान्हेरी लेण्यांतलं तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनेचं दालन) घ्या. दर्शनी भिंतीवर दानी जोडप्यांची शिल्पं आहेत, सातवाहन काळातली, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची. भरदार देह, जड दागिने, ठसठशीत डोक्यावरची वस्त्रं, पाय जमिनीवर घट्ट. त्याच व्हरांड्याच्या दोन टोकांना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती आहेत. त्या कित्येक शतकांनंतर कोरलेल्या. वस्त्र अंगाला चिकटून जवळजवळ नाहीसं झालेलं, नजर खाली, देहाला वजनच नाही. चार पावलांच्या अंतरात शिल्पकलेचं अख्खं वळण! पाटी न वाचता मुलांना विचारा, यातलं आधीचं कुठलं? माझ्या बरोबर आलेली मुलं बहुतेक वेळा बरोबर सांगतात, आणि कारणंही देतात.

मंडपेश्वर तर याहून गुंतागुंतीचं. खाली शैव लेणं, वर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष, आजूबाजूला आजची वस्ती.

---

खडूफळा

गोराईखाडी, अप्रतिम उदाहरण. 'कुठलं आधीचं' हा प्रश्न ओव्हलवरही तसाच चालेल.

---

चाळकरी

गिरगावातल्या चाळींना कुणी शैली म्हणेल का? लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, सज्जा पेलणाऱ्या नक्षीदार तोड्या, मधला चौक. खोताच्या वाडीत तर पोर्तुगीज वळणाची घरं, पुढे व्हरांडा, बाहेरून जिना. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी मात्र वेगळ्या, १९२० च्या दशकातल्या, काँक्रीटच्या, अलंकार जवळपास नाहीच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ इमारती होत्या. आता त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पुनर्विकास चालू आहे.

---

पंचगंगाकाठ

म्हणेल का काय, म्हणायलाच हवं. हजारो माणसं ज्या घाटात राहिली तो घाट शैली नाही तर काय?

---

नेहमीचा_विरार

आणि पवईतले ते ग्रीक खांब लावलेले तीस मजली टॉवर? ते कुठल्या खात्यात?

---

अबोली_फुले

नव-अभिजात वळणाचं अनुकरण म्हणता येईल. ओळखायची खूण सोपी आहे, खांब काढून टाकला तर इमारत उभी राहते का? टाउन हॉलचा खांब काढलात तर दर्शनी छत खाली येईल. टॉवरच्या खांबाला काही पेलायचं नसतं. तरीही मी त्याला हसणार नाही. आणखी शंभर वर्षांनी मुलं तेच बघून एकविसाव्या शतकाची मुंबई ओळखतील.

---

रेवती_ग

मंडळी, किती दिलंत! सगळं वाचून बेत असा आखला आहे.

सुरुवात सीएसएमटीच्या चौकात, पण फार वेळ नाही. स्टेशन, पालिका, मग जीपीओचा घुमट. तिथून टाउन हॉल. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून फ्लोरा फाउंटन, वाटेत न्यू इंडियाच्या भिंतीवरचे पानसरे. शेवटी ओव्हलवर सांजवात यांचा 'पाठ फिरवा' प्रयोग आणि इरॉस. रीगल आणि वस्तुसंग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी. प्रत्येक थांब्यावर तीनच प्रश्न: कशाने बांधलंय, कुणासारखं दिसायचं होतं, आणि मागच्या थांब्याच्या आधीचं की नंतरचं? नावं मी शेवटी सांगेन. कान्हेरी स्वतंत्र, जानेवारीच्या थंडीत.

---

सांजवात

एकच सूचना. ओव्हलवर दुपारी चारनंतर पोहोचा. गॉथिक रांग पश्चिमाभिमुख आहे, उतरतं ऊन थेट तिच्यावर पडतं आणि कोरीव कामाच्या सावल्या उठून दिसतात. डेको रांगेवर सकाळचं ऊन येतं, संध्याकाळी ती अंधारात जाते. तिच्या जाळ्या बघायच्या तर वेगळ्या सकाळी या.

---

माटुंगा_पूर्व

उशिरा आले, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमची इमारत १९३८ ची. जिन्याच्या जाळीत उगवता सूर्य आहे, जमिनीवर मोझेकचा त्रिकोणी नमुना, फाटकावर नावाची अक्षरं. सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. वारसा यादीत आम्ही नाही. इमारत वाचणार नाही हे मी समजून आहे. निदान जाळी आणि अक्षरं वाचवता येतील का?

---

मिस्त्रीकाका

येतील, पण आतापासून हालचाल करा. पाडकाम सुरू झाल्यावर भंगारवाला कुणाचं ऐकत नाही.

आधी प्रत्येक जाळीचा समोरून सरळ फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. अक्षरांची उंची, रुंदी, मधलं अंतर लिहून ठेवा. मोझेकच्या नमुन्याचा कागदावर छाप घ्या. मग सर्वसाधारण सभेत ठराव मांडा की जाळ्या, फाटक आणि नावाची अक्षरं सोसायटीची मालमत्ता आहेत आणि नव्या इमारतीत त्या बसवायच्या. विकासकाशी होणाऱ्या करारात ती ओळ घालून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. जाळी काढताना ती कापू देऊ नका, चौकटीसकट भिंतीतून सोडवायला लावा. लोखंड त्या काळचं जाड असतं, गंज वरवरचाच असण्याची शक्यता जास्त. अक्षरं सिमेंटची असतील तर सुटणार नाहीत, त्यांचा साचा घ्यावा लागेल, तो घेणारे कारागीर गणपतीच्या कारखान्यांत मिळतात.

फोटो इथे टाका. जाळी कशी जोडलेली आहे ते पाहून कुठून सोडवायची ते सांगतो.

---

नीलमोहोर

माटुंगा_पूर्व, मोजमापं घ्यायला मी येते. व्यक्तिगत निरोप केला आहे.